घरचा छोटा कारखाना

दिवाळीच्या आधीची आवराआवर सुरू झाली, की प्रत्येक घरातून एक डबा हमखास बाहेर पडतो. कुणाकडे तो डालडाचा जुना डबा असतो, कुणाकडे बिस्किटांचा, तर कुणाकडे चक्क पत्र्याची ट्रंक. आत गंजलेले खिळे, दांडा नसलेली हातोडी, दात पडलेली करवत, वाकडा पाना, विजेच्या तारेचे भेंडोळे आणि कसली तरी एक अनोळखी किल्ली. घरातली बाई विचारते, "हे टाकून देऊ का हो?" घरातला पुरुष म्हणतो, "छे, छे! लागेल कधी तरी." आणि डबा पुन्हा माळ्यावर जातो, तो पुढच्या दिवाळीपर्यंत.

वाचकहो, यंदाच्या दिवाळी अंकात मी त्या डब्याविषयीच लिहिणार आहे. त्याला माळ्यावरून खाली उतरवून घरात रीतसर जागा कशी द्यावी, कामाचे टेबल कसे करावे, हत्यारे कशी लावावीत, हे सांगणार आहे. विषय तसा सुतारकीचा. पण मला तो एका अपघाताने शिकवला. तेव्हा आधी तीच हकिगत सांगतो.

तीन चुका

गोष्ट १९९८ सालची. १ जुलैला धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. गावात नव्या कचेऱ्या, नवी बिऱ्हाडे, नवी बांधकामे यांची एकच गर्दी उडाली. सुतार-गवंड्यांना क्षणाची उसंत नव्हती. पावसाने दार फुगले किंवा कपाटाची बिजागरी निखळली, तर मिस्त्री मिळायला पंधरा पंधरा दिवस लागत. मी शाळामास्तर. संध्याकाळचा वेळ मोकळा होता आणि थोडी हौसही होती. म्हटले, आपणच करू! बाजारातून एक रंधा, एक करवत आणि एक इंचाची पटाशी आणली, आणि खाटेवर बसून माझा कारखाना सुरू झाला. त्या एका पटाशीने मी लाकूड कोरीत असे, रंगाच्या डब्याचे झाकण उघडीत असे आणि वेळ पडली तर स्क्रूही फिरवीत असे. काम संपले की हत्यार हातातून सुटेल तिथे राही.

श्रावणातल्या एका रविवारी आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांना विटी तासायची होती. पटाशी खिडकीत पडलेली. डाव्या हातात लाकूड धरले, उजव्या हाताने जोर लावला. पटाशी घसरली ती थेट डाव्या अंगठ्याच्या बुडाशी. सात टाके पडले. अंगठा वाचला, पण त्याचे वरचे पेर आजही पुरते वाकत नाही.

संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतले वृद्ध मिस्त्री मुलाला पाहायला आले. माणूस मूळचा तळोद्याकडचा. वाडवडील बैलगाड्या करणारे. त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "हत्यार दाखवा, मास्तर." पटाशी हातात घेऊन त्यांनी धारेवरून आडवा अंगठा फिरवला, ती खाली ठेवली आणि म्हणाले, "पोराचा काही दोष नाही. पटाशी बोथट, लाकूड हातात, अन् हत्यार खिडकीत. तीन चुका, अन् तिन्ही तुमच्या."

"बोथट असून एवढे कापले?" मी विचारले.

"बोथट होती म्हणूनच कापलं. धारेचं हत्यार लाकडात शिरतं. बोथट हत्यार जोर मागतं, अन् जोर दिला की घसरतं."

आमच्या सौ. तेव्हा काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र त्यांनी सगळी हत्यारे ट्रंकेत घातली, कुलूप लावले आणि किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. मग म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात विळी आहे, सुऱ्या आहेत, अडकित्ता आहे. दोन मुले तिथेच रांगली. कुणाला ओरखडा तरी आला का? भाजी चिरून झाली की मी विळी मिटते आणि पाते भिंतीकडे करून ठेवते. रोज. तुमच्या हत्यारांना अशी जागा होईल, तेव्हा किल्ली मागा."

किल्ली मला मिळाली ती पुढच्या मे महिन्यात. मधल्या नऊ महिन्यांत मी मिस्त्रींच्या ओट्यावर बसून पुष्कळ पाहिले आणि थोडेफार शिकलो. त्यांनी दाखवलेल्या तीन चुका उलट केल्या की घरच्या कारखान्याचे तीन नियम होतात : हत्याराला जागा, लाकडाला पकड आणि पात्याला धार. पुढे जे लिहितो आहे ते सारे या तिहींच्या पोटातले आहे.

जागा कोणती?

प्रथम कोपरा निवडावा. ५ फूट लांब आणि ५ फूट रुंद एवढी जागा पुरते : २ फूट टेबलाला आणि ३ फूट उभे राहायला. पडवी, जिन्याखालची जागा, मागचा व्हरांडा, गच्चीवरची खोली, काहीही चालेल. पण दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली उजेड. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही. डावऱ्या माणसाने याच्या उलट करावे. दुसरी गोष्ट ऊन. आमच्या खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पश्चिमेच्या भिंतीला लागून किंवा उघड्या पत्र्याखाली टेबल मांडले, तर माणूसही तापतो आणि लाकूडही तडकते. उत्तरेची खिडकी मिळाली तर सोन्याहून पिवळे.

स्वयंपाकाचा गॅस, देवघरातले निरांजन आणि पाण्याचे माठ यांच्यापासून हा कोपरा दूर असावा. घरातल्या मंडळींची वाट त्यातून जाऊ नये. करवत चालू असताना मागून कुणी "चहा घेता का?" म्हणून खांद्याला हात लावला, तर चहा बाजूलाच राहतो.

कामाचे टेबल

टेबल हे या कारखान्याचे दैवत. ते विकत मिळते, परंतु स्वतः केलेले बरे. कारण ते करता करताच निम्मी सुतारकी येते.

उंची कशी ठरवावी? कामाच्या वेळच्या चपला घालून सरळ उभे राहावे आणि हात सैल सोडावेत. मनगटाची रेघ जमिनीपासून जितकी उंच, तितकी टेबलाची उंची. माझी उंची ५ फूट ५ इंच आणि टेबल ३२ इंच आहे. याहून उंच टेबलावर रंधा मारताना फक्त दंड दुखतात, अंगाचा भार कामी येत नाही. याहून ठेंगण्यावर कंबर धरते. लोखंडाचे काम मुख्य असेल तर हिशेब वेगळा. तिथे शेगड्याचा, म्हणजे कारखान्यात ज्याला व्हाइस म्हणतात त्याचा, वरचा काठ कोपराच्या उंचीला यावा.

माझ्या टेबलाची लांबी ५ फूट, रुंदी २२ इंच, वरच्या फळ्या अडीच इंच जाड आणि पाय साडेतीन इंच चौरस. हलके टेबल काही कामाचे नाही. रंध्याच्या प्रत्येक फटक्याला ते घोड्यासारखे पुढे सरकते. हलकेच करावे लागले, तर खाली एक फळी ठोकून तिच्यावर विटा रचाव्यात किंवा टेबल भिंतीला दोन ठिकाणी जखडून टाकावे.

लाकडाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण हा आमच्या भागाचा जुना व्यवसाय. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरात तळोदे हा खानदेशातला इमारती लाकडाचा मुख्य बाजार असल्याची नोंद आहे, आणि खानदेशातल्या उत्तम लाकडी गाड्या तिथे होतात, असेही त्यात म्हटले आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे गाव ते. लाकूड आणि कारागीर दोन्ही हाताशी. मिस्त्री त्याच परंपरेतले. चाकाला बाभूळ, दांड्याला धावडा, दाराला साग अशी प्रत्येक लाकडाची जात आणि तिचे काम त्यांना तोंडपाठ असे. "लाकडाला नको ते काम सांगितलं, तर ते माणसासारखंच रुसतं," असे ते म्हणत.

माझ्या टेबलासाठी त्यांनी नवे लाकूड घेऊच दिले नाही. गावात एक जुने माळवदी घर पाडले जात होते. त्याची सागाची तुळई आम्ही घेतली. वर्षानुवर्षे घरात राहिलेले लाकूड पुरते वाळलेले असते. जे वाकायचे ते वाकून झालेले असते. मात्र अशा लाकडात खिळे लपलेले असतात. रंधा लावण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावे आणि सापडेल तो खिळा उपटून काढावा. नाही तर पहिल्याच फटक्याला रंध्याच्या पात्याचा बळी जातो. नवे लाकूड घ्यायचे तर वखारीतूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. साग कुठूनही आणावा, कुठेही न्यावा, असा कायदा नाही.

पायांचे सांधे खाच आणि कुसू यांचे असावेत. ते जमत नसतील तर जाड नट-बोल्ट वापरावेत, आणि दिवाळीत एकदा, पावसाळ्याचे लाकूड सुकले की, पुन्हा आवळावेत. सांगाडा काटकोनात बसला की नाही हे पाहायची सोपी युक्ती आहे : समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन्ही तिरकी अंतरे मोजावीत. ती सारखी भरली तर चौकट खरी. सारखी नसतील, तर जास्त अंतराच्या दिशेने चौकट हलकेच दाबावी.

आणखी एक खुबी. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पण लांबीत नव्हे, रुंदीत. म्हणून वरच्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून चारी बाजूंनी खिळवू नयेत. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवावी. तीत भुसाही पडून जातो आणि गुण्याही उभा ठेवता येतो. प्रत्येक फळी मध्यावर पक्की करावी आणि कडेच्या स्क्रूंची भोके थोडी लांबट करावीत, म्हणजे फळीला हालचालीस वाव राहतो. ज्यांच्या घरचे दार आषाढात लागत नाही आणि चैत्रात खडखडते, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पकड

आता दुसरा नियम. लाकूड हातात धरून कापायचे नाही. दोन्ही हात हत्यारावर, आणि लाकूड दुसऱ्या कशाने तरी धरलेले. आमच्या चिरंजीवांच्या हातात त्या दिवशी ही एक गोष्ट असती, तर अंगठा आज पुरता वाकला असता.

शेगडा हे धरण्याचे मुख्य साधन. तो टेबलाच्या मध्यावर न बसवता पायाच्या वर बसवावा, म्हणजे हातोडीचा आघात थेट जमिनीत उतरतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो डाव्या टोकाला लावावा. त्याच्या लोखंडी जबड्यांना आतून लाकडाच्या पट्ट्या लावाव्यात, नाही तर मऊ लाकडावर दातांचे ठसे उमटतात.

शेगडा नसला तरी अडत नाही. एक हातभर फळी घ्यावी. तिच्या जवळच्या कडेला खालून एक पट्टी ठोकावी आणि दूरच्या कडेला वरून दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडते, वरच्या पट्टीला लाकूड अडते. या साध्या अडणीवर मी शेकडो तुकडे कापले आहेत. तसेच टेबलात पाऊण इंचाची चार-सहा भोके पाडून धावड्याच्या खुंट्या घालाव्यात. रंधा मारताना फळी त्यांना टेकवली, की हलत नाही.

हत्यारे कोणती आणि कुठे?

नवशिक्याचा उत्साह दुकानात ओसंडून वाहतो. त्याला आवर घालावा. पहिल्या वर्षाला एवढे पुरे : एक हातकरवत, एक मध्यम रंधा, तीन पटाश्या (पाव, अर्धा आणि एक इंच), पाव किलो वजनाची हातोडी, लाकडी मोगरी, पक्कड, दोन पेचकस, एक कानस, हाताने फिरवायचे गिरमिट, पोलादी पट्टी, गुण्या आणि धारेचा दगड. थोडी घ्यावीत, पण चांगली घ्यावीत. खुळखुळणारा स्वस्त पाना नटाचे कोपरे खातो, आणि मग तो नट चांगल्या पान्यालाही दाद देत नाही.

गुण्या दुकानातच पारखून घ्यावा. सरळ कडेच्या फळीला तो लावून पेन्सिलीने एक रेघ ओढावी. मग गुण्या पालथा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ ओढावी. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर खोटा. खोट्या गुण्याने केलेले काम जन्मभर वाकडे राहते.

मांडणीचे शास्त्र मात्र मी सौ.च्या स्वयंपाकघरातून उचलले. तिथे रोजचे तिखट-मीठ हाताशी, मिसळणाचा डबा शेजारी, सणासुदीची पातेली वरच्या फळीवर. हत्यारांचेही तसेच. टेबलामागच्या भिंतीवर एक मोठी फळी बसवावी. रोजची हत्यारे तिच्यावर कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात टांगावीत. महिन्यातून एकदा लागणारी वर. जड वस्तू खाली. पटाश्या आणि करवती यांची पाती लाकडी खाचेत किंवा जुन्या चामड्याच्या म्यानात असावीत. घरात लहान मूल असेल तर धारेची हत्यारे कुलपाच्या कपाटात ठेवावीत. यात तडजोड नाही.

सर्वांत मोठी युक्ती एका ब्रशाची आणि काळ्या रंगाची. प्रत्येक हत्यार टांगून त्याच्याभोवती फळीवर त्याची आकृती रंगवावी. मग संध्याकाळी मोजदाद करावी लागत नाही. भिंतीकडे पाहिले, की रिकामी आकृती डोळ्यांत भरते. रविवारी खिडकीत पडलेली पटाशी आमच्या लक्षात आली नाही, कारण ती कुठे नाही, हे सांगणारे काही घरात नव्हते.

खिळे, चुका, स्क्रू, वायसर यांच्यासाठी मुरंब्याच्या रिकाम्या बाटल्या घ्याव्यात. झाकणे फळीच्या खालच्या अंगाला दोन-दोन स्क्रूंनी पक्की करावीत आणि बाटली खालून फिरवून लावावी. प्लॅस्टिकच्या बाटल्या असल्यास उत्तम; निसटली तरी फुटत नाही. आत काय आहे ते बाहेरून दिसते आणि टेबलही मोकळे राहते.

धार

नवी पटाशी धारदार असते, हा गैरसमज आहे. दुकानातून आलेल्या पटाशीला आधी धार लावावी लागते. प्रथम तिची पाठ दगडावर सपाट घासावी. पाठ सपाट नसेल तर पुढची सारी मेहनत वाया. मग उतार सुमारे २५ अंशांवर आणि टोकाची बारीक कडा ३० अंशांवर घासावी. पाठीमागे बोटाला बारीक खर लागू लागली, की समजावे धार टोकापर्यंत आली. ती खर पाठ फिरवून काढावी आणि चामड्याच्या पट्टीवर दोन-चार हात मारावेत. कागदाचा तुकडा न फाटता कापला गेला, की झाले. बोटाने पारखायचा मिस्त्रींचा हात तुमच्या-माझ्यापाशी नाही.

पटाशीने रंगाचा डबा उघडायचा नाही, हे वेगळे लिहायला हवे काय? मला तरी ते सात टाक्यांनंतर कळले.

पावसाळ्यात हत्यारांवर तेलाचा हलका हात फिरवावा आणि पेटीत कापराच्या चार वड्या टाकाव्यात. आमच्याकडे नवापूरच्या बाजूला पाऊस जास्त; तिथल्या मंडळींनी तर हे व्रतासारखे पाळावे.

वीज, भुसा आणि चिंधी

आता बहुतेक घरांत विजेचे ड्रिल आले आहे. काम झटपट होते. इजाही तितकीच झटपट होते. टेबलाजवळ अर्थिंग असलेला तीन भोकांचा प्लग हवा आणि त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी हवा. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. टोक बदलताना आधी प्लग काढावा. शर्टाच्या सैल बाह्या, ओढणी, पदर, गळ्यातली साखळी, मोकळे केस यांपैकी काहीही फिरत्या यंत्राजवळ नको. हातमोजेसुद्धा नकोत, ते बोटांसकट ओढले जातात. डोळ्यांना चष्मा हवाच.

भुसा निरुपद्रवी वाटतो, पण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांत बसवले. रोज आठ तास काम करणाऱ्या कारागिरांना धोका जास्त. तरी आपणही नाकाला मास्क बांधावा आणि फुंकर मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे.

आणि सर्वांत फसवी वस्तू म्हणजे तेलाची चिंधी. लाकडाला जवसाचे तेल लावून तीच चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर तेल वाळताना आतल्या आत उष्णता साठते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. अशी चिंधी घराबाहेर मोकळी पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावी.

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात

"मास्तर, हे सारे अंगण असणाऱ्यांना ठीक. आम्ही ब्लॉकमध्ये राहतो," असे कुणी म्हणेल. अशांसाठी मिस्त्रींचाच दाखला देतो. त्यांनी जन्मभर उभ्याचे टेबल वापरले नाही. ते जमिनीवर बसत, फळी पायांच्या बोटांत धरत आणि कोरीत. माझे टेबल पाहून म्हणाले, "रंध्याला उभं राहणं बरं, कोरायला बसणं बरं."

पायाने धरायची कला आपल्याला साधणार नाही. पण १८ इंच उंच, १ फूट रुंद आणि ४ फूट लांब असा जाड फळीचा ठेंगणा बाक करता येतो. त्यावर घोड्यासारखे बसून काम करावे. शरीराच्या भाराने बाकही स्थिर राहतो. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरातल्या एका भित्तिचित्रात असाच ठेंगणा बाक दिसतो. त्यावर करवत चालवणारी पंखांची बाळे आहेत. म्हणजे युक्ती दोन हजार वर्षे जुनी. काम झाले की बाक खाटेखाली सरकतो आणि पाहुणे आले तर बसायलाही होतो. आमचे चिरंजीव पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांनी गॅलरीत असाच बाक केला आहे. शिवाय दुपारी दोन ते चार ठोकाठोक करायची नाही, असा शेजाऱ्यांशी करार केला आहे. तोही मांडणीचाच भाग.

याचा उपयोग काय?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव अशा लेखात यायचेच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारा हा माणूस. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापायचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. छोट्या दुकानातून एवढे मोठे झाड वाढले, हे खरे. पण आपल्यापैकी कुणी किर्लोस्कर होणार नाही, हेही खरे. घरच्या कारखान्याचा उपयोग त्याहून साधा आहे. पाटाचा निखळलेला पाय, आजीच्या काठीची मूठ, दाराची कडी, मुलांचा क्रिकेटचा स्टंप. मिस्त्रीचे पोट यावर नाही. उलट स्वतः एक सांधा बसवून पाहिला, की त्यांच्या मजुरीबद्दल घासाघीस करायची लाज वाटते. हा मला झालेला सर्वांत मोठा फायदा.

मिस्त्री आता नाहीत. मुले सुरतेला गेली; धंदा कुणी उचलला नाही. जाण्यापूर्वी एक दिवस ते त्यांचा वाकस घेऊन आले. एरवी माझ्याशी मराठीत बोलणारे मिस्त्री थट्टेत असले की अहिराणीवर येत. दारातूनच विचारीत, "मास्तर, हत्यार जागावर शे का?" त्या दिवशीही विचारले. मग भिंतीवरच्या फळीवर स्वतः जागा निवडली, वाकस टांगला आणि म्हणाले, "रंगाचा डबा आणा. याचीबी आकृती काढा." ती आकृती अजून आहे. वाकस मी वापरीत नाही; त्याला माझा हात पुरत नाही. पण दर महिन्याला तेल मात्र लावतो.

गेल्या दिवाळीत चिरंजीव सहकुटुंब आले होते. नऊ वर्षांच्या नातीला आकाशकंदिलाचा सांगाडा घरी करायचा होता. बांबूच्या कामट्या तासायच्या, म्हणजे पटाशी आलीच. तिचा बाप गप्प राहिला आणि आपला अंगठा चोळू लागला. मी सौ.कडे पाहिले. त्यांनी भिंतीवरच्या आकृत्या एकेक करून पाहिल्या, धारेचा दगड ओला आहे का ते पाहिले, शेगडा हाताने आवळून पाहिला, आणि मग जुडग्यातून कपाटाची किल्ली काढली. म्हणाल्या, "लाकूड शेगड्यात, दोन्ही हात पटाशीवर, आणि आजोबा शेजारी." कंदील थोडा तिरका झाला. पण चारी दिवस दारावर होता.

तेव्हा वाचकहो, यंदा तो डबा माळ्यावरून काढलाच आहे, तर परत ठेवू नका. वर्तमानपत्र पसरून त्यावर उपडा करा. तीन ढीग करा : कामाचे, दुरुस्तीचे आणि भंगाराचे. भंगार आजच द्या. दुरुस्तीच्या हत्यारांना तेल लावा आणि दिवाळीच्या सुट्टीत एकाला तरी नवा दांडा बसवा. कामाच्या हत्यारांसाठी एक फळी भिंतीला ठोका आणि त्यांच्या आकृत्या रंगवा. टेबलाचे पुढच्या उन्हाळ्यात पाहता येईल. आधी जागा होऊ द्या.